माशाच्या वासाची पुडी आणि ज्या पत्रावर माझं नाव न विचारता घातलं ते पत्र

मंडळी, पोस्ट लांब झाली आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रविवारी वाचा. पण काउंटीला पाठवायच्या त्या पत्रावर ज्यांनी सही केली आहे, त्यांनी कृपया आजच वाचा.

जे पिट्सबर्गमध्ये राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या आठवड्यात आमच्या बॅकयार्डमध्ये झुडपाखाली लेकीला एक पुडी सापडली. केचपच्या पुडीएवढी, तपकिरी, वरून माशाचं पीठ माखलेलं. वास सुकटाचा डबा उघडल्यासारखा. ती पुडी हातात घेऊन ही बया थेट स्वयंपाकघरात आली. मी टेबलावर मखराचे कागद कापत बसले होते. पुडीवर लिहिलं होतं की ही रेबीजची लस आहे, यात जिवंत विषाणू आहे, खाऊ नका. खाली फोन नंबर.

‘जिवंत’ हा शब्द वाचला आणि माझे हातपाय गळाले. खोटं कशाला बोलू? फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे चार प्रश्न विचारले. पुडी फुटली होती का? मुलीच्या हातावर जखम किंवा एक्झिमा आहे का? घरात कुणी गरोदर आहे का? प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं कुणी घेतं का? सगळ्याचं उत्तर नाही. मग साबणाने हात धुवा, ग्लोव्हज घाला आणि पुडी परत झुडपात टाका. पाच मिनिटांत विषय संपला.

चूक मी त्यानंतर केली. पुडीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली एक ओळसुद्धा लिहिली नाही. दुपारपर्यंत ध चा मा झाला. ‘सरकार आपल्या मुलांच्या अंगणात जीएमओ व्हायरस फवारतंय.’ फवारत कुणीही नव्हतं, पण शब्द पसरला. एका काकांनी कोविशील्डची जुनी बातमी चिकटवली, एका ताईंनी ‘डीएनए बदलतो’वाला व्हिडिओ. संध्याकाळी पत्र तयार, चौतीस सह्या, आणि पहिल्याच ओळीत ‘बाधित पालक’ म्हणून मी. मला न विचारता.

मी बाधित नाही. आणि त्या पत्राला माझा विरोध आहे.

मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजिस्टही नाही. सीए आहे. दुसऱ्यांची खाती तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यातून दोनच सवयी लागल्या. कुणी अंश दाखवला की छेद विचारायचा. आणि कुणी फक्त नावे बाजू दाखवली की जमा बाजूचं पान उलटून बघायचं. त्याच सवयीने हे लिहिते आहे.

आधी पुडीत काय आहे ते. तुमच्या आईच्या किंवा सासूबाईंच्या दंडावर देवी काढल्याचे गोल वण आठवतात? त्या लशीत जो जिवंत विषाणू होता, त्याचं नाव व्हॅक्सिनिया. त्यानेच जगातून देवी घालवली. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. पुडीतला विषाणू तोच, फक्त त्याच्यात एक फेरफार केलेली. त्याचं स्वतःचं एक जनुक मोडून त्या जागी रेबीजच्या विषाणूचं एक जनुक बसवलेलं. हे जनुक रेबीजच्या कवचावरचं एक प्रथिन तयार करतं, बस. डबा देवीच्या लशीचा आणि आत रेबीजची भाजी, तीही एक चमचाच. रकूनने पुडी चावली की तोंडातून विषाणू आत जातो, शरीर ते प्रथिन ओळखायला शिकतं, आणि पुढे खरा रेबीज आला तर तयार असतं. जे जनुक मोडलं, त्यामुळे डबाही पहिल्यापेक्षा दुबळा झाला.

ही कल्पना कुठल्या गुप्त प्रयोगशाळेतली नाही. १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या ऑल्बनीच्या प्रयोगशाळेत एन्झो पाओलेत्ती आणि डेनिस पानिकाली यांनी, आणि बेथेस्डाला एनआयएचमध्ये बर्नार्ड मॉस यांच्या गटाने, व्हॅक्सिनियात परकं जनुक बसवता येतं हे दाखवलं. दोनच वर्षांत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटने फ्रेंच कंपनीबरोबर रेबीजची ही लस तयार केली. म्हणजे आपल्याच राज्यातली वस्तू आहे. कोविशील्ड, जॉन्सन अँड जॉन्सन, इबोलाची लस, सगळी याच घराण्यातली धाकटी भावंडं.

आता पत्रातलं मुख्य वाक्य घेते. ‘कृत्रिमरीत्या बदललेला विषाणू असल्यामुळे धोकादायक.’ इथेच गाडी रुळावरून घसरली आहे. ही पुडी सुरक्षित आहे ती बदल केला म्हणूनच.

रानटी जनावरांना तोंडावाटे लस द्यायची सुरुवात १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने केली. कोल्ह्यांसाठी कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ठेवायचे. (शाकाहारी मंडळींनो, क्षमस्व.) त्या मुंडक्यांत काय होतं? जिवंत रेबीजच, फक्त दुबळा केलेला. त्यात कुणी जनुक बसवलं नव्हतं, म्हणजे आपल्या ग्रुपच्या भाषेत ‘नैसर्गिक’. तिने काम मोठं केलं, पण त्या घराण्यातल्या काही लशींमुळे क्वचित जनावरांना खरोखरचा रेबीज झाला, कारण आत पूर्ण विषाणू होता. आपल्या पुडीतून रेबीज होऊच शकत नाही. एका जनुकाने रेबीज होत नाही, जसं नुसत्या लेटरहेडने कंपनी उभी राहत नाही.

आणि आपल्याकडचं ‘नैसर्गिक’ आठवा. मी सांगलीत वाढले. शेजारच्या मुलाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. रोज सकाळी त्याला सायकलवर बसवून सिव्हिलला न्यायचे, पोटात इंजेक्शन. चौदा दिवस, चौदा इंजेक्शनं. त्याचं ओरडणं सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूची होती, परळच्या हाफकिनमध्येही तयार व्हायची. त्या मेंदूच्या पेशींमुळे काही जणांना लकवा व्हायचा. भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. तिच्यात कुणी जनुक बदललं नव्हतं, आणि तेवढ्याने ती सोवळी ठरत नाही. (आज माणसांना देतात ती रेबीजची लस मारलेल्या विषाणूची, पेशींवर वाढवलेली, दंडात घ्यायची. तिचा पुडीशी संबंध नाही. ग्रुपवर दोन्हींची खिचडी झाली आहे म्हणून सांगितलं.)

आता जमा बाजू. ‘अमेरिकेत रेबीज आहेच कुठे?’ असं एकाने विचारलं. अहो, नाही म्हणूनच तर! दक्षिण टेक्सासमध्ये १९८८ पासून कायोटी आणि कुत्र्यांत रेबीज पसरत उत्तरेकडे सरकत होता. दोन माणसं गेली, १९९४ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. १९९५ च्या फेब्रुवारीत विमानातून याच पुड्या टाकायला सुरुवात केली. २००४ नंतर तो प्रकार दिसला नाही आणि २००७ मध्ये देश कुत्र्यांच्या रेबीजपासून मुक्त जाहीर झाला. आपल्याकडे पूर्वेला प्रश्न रकूनचा. सत्तरच्या दशकात शिकारीच्या हौसेपायी दक्षिणेतले रकून व्हर्जिनियाच्या बाजूला आणून सोडले, सोबत रेबीज आला. तो ॲपलेशियन डोंगर ओलांडून पश्चिमेला जाऊ नये म्हणून दर वर्षी पुड्यांची भिंत घालतात. काही वर्षी संख्या ऐंशी-नव्वद लाखांच्या घरात जाते. आपल्या काउंटीत हे वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. आपण दर ऑगस्टला गणपतीच्या तालमी करत होतो तेव्हाही चालूच होतं.

पण नावे बाजू लपवली तर माझ्यात आणि त्या व्हिडिओवाल्यात फरक काय? तीही लिहिते.

२००० साली ओहायोत एका गरोदर बाईने कुत्र्याच्या तोंडातून पुडी ओढली, कुत्रं चावलं, आणि तिला व्हॅक्सिनियाचा संसर्ग झाला. २००९ मध्ये, इथेच पेनसिल्व्हेनियात, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या एका बाईच्या हातावर ओरखडे होते. कुत्र्याने आणलेल्या पुडीतलं पाणी त्यावर लागलं. तिला रुग्णालयात दाखल करावं लागलं. दोघी बऱ्या झाल्या, दोन्ही केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या. फोनवरच्या बाईंचे चार प्रश्न या दोघींच्याच अनुभवातून आले असणार, असं मला ते वाचताना वाटलं. कोट्यवधी पुड्यांमागे अशा मोजक्या नोंदी. हे प्रमाण फार लहान आहे. शून्य मात्र नाही, आणि शून्य आहे असं जो सांगेल त्याच्या ताळेबंदावर मी सही करणार नाही.

याहून वाईट नोंद १९८६ ची. अर्जेंटिनात अझुल गावी याच लशीचा गाईंवर प्रयोग झाला. तिथल्या सरकारला विचारलं नव्हतं. गोठ्यात धारा काढणाऱ्या माणसांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सरकारला कळल्यावर प्रयोग बंद पाडला. हा खरा घोटाळा. विषाणूने काय केलं यापेक्षा माणसांनी माणसांना विचारलं नाही, हा. पत्र लिहायचंच तर या मुद्द्यावर लिहा, मी पहिली सही करते.

आणखी एक, माझ्या बाजूला अडचणीची. व्हॅक्सिनियासारखा जिवंत विषाणू जनावरांत मुक्काम ठोकू शकतो का? आपल्याकडे म्हशींना देवी येतात, धार काढणाऱ्यांच्या हातावर फोड येतात. २००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत अशी साथ नोंदली गेली. तो विषाणू व्हॅक्सिनियाचा अगदी जवळचा नातेवाईक आहे, आणि जुन्या देवीच्या लशीतूनच तो म्हशींत गेला असावा असा काहींचा अंदाज आहे. म्हणून ‘काहीच होणार नाही’ असं मी म्हणत नाही. रानात पुडी टाकल्यावर पुढची वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं, आणि ते बघायला पैसे लागतात. आपल्या पत्राने पुड्या बंद करण्याऐवजी त्या बघण्याचा हिशेब मागितला असता तर बरं झालं असतं.

आता काकांची कोविशील्डची बातमी. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण हे माझ्या अंगावरून गेलं आहे.

मी २०२१ च्या एप्रिलमध्ये जॉन्सनची लस घेतली. टॅक्स सीझन चालू होता, एकच डोस, सोयीचं वाटलं. १३ एप्रिलला सकाळी बातमी: लस थांबवली. अडुसष्ट लाख डोसांमागे सहा जणींना मेंदूच्या शिरेत गुठळी. सगळ्या बायका, वय १८ ते ४८. लक्षणं सहाव्या ते तेराव्या दिवसात. माझा नववा दिवस होता. पुढचे चार दिवस डोकं जरा जड झालं की मी आरशात बघायचे, जसं काही आरशात गुठळी दिसणार आहे. क्लायंटचे रिटर्न्स भरत होते आणि दुसऱ्या टॅबमध्ये लक्षणांची यादी उघडी.

म्हणून मला कुणी ‘काही होत नाही हो’ म्हणून गप्प करू नये. होतं. २०२२ च्या मार्चपर्यंत साठ पक्क्या केसेस आणि नऊ मृत्यू. दहा लाख डोसांमागे साधारण तीन. त्या मे महिन्यात एफडीएने तिचा वापर मर्यादित केला आणि २०२३ मध्ये कंपनीच्याच विनंतीवरून परवानगी गेली. इथे दुसऱ्या लशी दुकानादुकानात मिळत होत्या, त्यामुळे तो निर्णय मला बरोबर वाटतो. माझ्या लेकीला मी ती आज दिली नसती.

आणि त्याच महिन्यात पुण्यात माझ्या सासऱ्यांनी कोविशील्ड घेतली. डेल्टाची लाट, ऑक्सिजनसाठी रांगा, शेजारच्या बिल्डिंगमधून रोज वाईट बातमी. त्यांच्यासमोर निवडीला लस आणि रोग एवढंच होतं. तो निर्णयही बरोबर होता. एकच घराणं, एकच महिना, दोन वेगळी उत्तरं, कारण पानाची दुसरी बाजू वेगळी होती. चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू, शरीरात वाढता येऊ नये म्हणून जनुक काढलेला, त्यात कोरोनाचं एक जनुक. मांजरीच्या सीरममधून दीडशे कोटींहून जास्त डोस निघाले. आपल्या बहुतेकांचे आईवडील त्यातले.

काका, तुमची बातमी २०२४ ची. ‘कंपनीने कोर्टात कबूल केलं.’ जणू तोवर लपवलं होतं! युरोपच्या औषध संस्थेने २०२१ च्या एप्रिलमध्येच हा दुर्मिळ परिणाम जाहीर केला होता, जर्मनी-नॉर्वेच्या डॉक्टरांचे लेखही त्याच महिन्यात आले. ऑडिटरने स्वतः काढलेली चूक तीन वर्षांनी दुसऱ्या कुणी वाचली आणि ‘घोटाळा उघड’ म्हणून ओरडला, असं हे आहे. मला त्या १३ एप्रिलची भीती वाटली खरी, पण सहा केसेसवर अख्ख्या देशाची लस थांबवणारी व्यवस्था मी माझ्या व्यवसायातसुद्धा फार वेळा पाहिलेली नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींना. ग्रुपवरचे बायोटेकवाले, फार्मावाले, तुम्हालाही सोडणार नाही. एका ताईंनी घाबरून विचारलं, ‘मुलाच्या हाताला लागलं तर काय?’ तुमच्यापैकी एकाने उत्तर दिलं, ‘गूगल करा, अडाणीपणा बस्स झाला.’ त्यावर अकरा हसणारे इमोजी. त्या ताईंची सही पत्रावर आहे. ती सही व्हिडिओने घेतलेली नाही, त्या अकरा इमोजींनी घेतली आहे. फोनवरच्या अनोळखी बाईने मला जेवढं नीट उत्तर दिलं, तेवढं आपल्या माणसांना देता येत नसेल तर पीएचडीचं काय लोणचं घालायचं?

हे सगळं पुडीपुरतं असतं तर मी एवढं टाइप केलं नसतं. डिसेंबर जवळ येतोय म्हणून लिहिते. मागच्या ट्रिपला आमच्या नात्यातल्या एका इथल्याच कुटुंबाच्या सात वर्षांच्या मुलाला गल्लीतल्या पिल्लाने पोटरीला दात लावले. थोडंसं रक्त. बापाने काय करावं? व्हॉट्सॲपवर विचारलं. न्यू जर्सीहून, डॅलसहून, बे एरियातून उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. ‘पिल्लू आहे, काही नाही होत.’ ‘हळद लाव.’ ‘आजकाल लशींमध्ये काय काय घालतात, उगाच टोचू नको.’ तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आजोबांनी नातवाला उचललं आणि दवाखान्यात नेलं. जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन मिळवायला दोन शहरं पालथी घातली. मुलगा ठणठणीत आहे. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. ते तीन दिवस कुणाच्या खात्यात टाकायचे?

भारतात रेबीजने वर्षाला किती माणसं जातात? डब्ल्यूएचओ अठरा ते वीस हजार म्हणत आलं आहे, आयसीएमआरचं अलीकडचं सर्वेक्षण सुमारे ५,७०० म्हणतं. आकड्यांत एवढी तफावत दिसली की माझ्यातली ऑडिटर अस्वस्थ होते, पण कुठलाही घ्या, नोंद झालेल्यांत मोठा हिस्सा पंधरा वर्षांखालच्या मुलांचा असतो. गोव्याने दर वर्षी जवळपास लाखभर कुत्र्यांना लस टोचून हे आटोक्यात आणता येतं हे दाखवलं, तेही जाळी घेऊन कुत्र्यांमागे धावून. तिथे पुड्या टाकाव्यात का? गर्दीच्या गल्लीत, मुलांच्या पायात? तो हिशेब वेगळा मांडावा लागेल, पिट्सबर्गचा ताळेबंद सांगलीत चालणार नाही. पण मोकाट कुत्री तिथे आहेत, रेबीज तिथे आहे, आणि आपण घाबरतोय कशाला, तर इथल्या झुडपातल्या पुडीला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तर माझं नाव पत्रातून काढा. आजच. ‘फवारणी’ हा शब्दही काढा, इंग्रजीतही तो तितकाच खोटा आहे.

त्याऐवजी मी काउंटीला वेगळं पत्र पाठवते आहे, मसुदा पहिल्या कमेंटमध्ये आहे. तीन प्रश्न: या वर्षी आपल्या भागात कुठली लस टाकली, व्हॅक्सिनियाची की दुसरी, अ‍ॅडिनोव्हायरसची? माणसांचा पुडीशी संपर्क आल्याचे किती फोन आले आणि त्यातल्या किती जणांना काही झालं? आणि टाकण्याआधीची सूचना शाळांमधून, घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांत का येत नाही? उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकीन, माझ्या विरुद्ध असलं तरी.

पुडी सापडली तर: उघड्या हाताने उचलू नका, फुटलेली असेल तर साबणाने हात धुवा आणि वरच्या नंबरवर फोन करा. कुत्र्याने खाल्ली तर फार तर पोट बिघडेल, त्याच्या तोंडात हात घालून ओढू नका. डिसेंबरात निघणाऱ्यांनी मुलांच्या डॉक्टरांना रेबीजच्या आधीच घ्यायच्या दोन डोसांबद्दल आत्ताच विचारा. महाग आहेत, इन्शुरन्स बऱ्याचदा हात वर करतो, आधी फोन करून घ्या. तिथे चावलं किंवा ओरखडलं तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, आधीचे डोस घेतले असले तरीही. ग्रुपवर नंतर सांगा.